लाल फ्यूज दहाचा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी साडेनऊला फाटकापाशी निळी व्हॅन थांबली आणि तिच्यातून उतरली मंगल! दहावी ‘ब’, खिडकीकडचा तिसरा बाक, उत्तर येत असूनही हात वर न करणारी. आता वाळूजच्या एका कारखान्यात जुळणीच्या कामावर. व्हॅन जुनी घेतलेली, तिची आणि दिराची मिळून. येत्या सोमवारपासून गारखेड्यातल्या सहा जणींना पहिल्या पाळीला ती स्वतः नेणार. नवरा नाशकाकडे जेसीबीवर असतो, म्हणून गाडीबाबत शब्द चालतो दिराचा, भगवानचा. त्याची अट अशी: पहिल्या आठवड्यात गाडी रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर किल्ली त्याच्याकडे, मग गाडी मालवाहतुकीला लागणार.

“बाई, मागून करपल्याचा वास यायलाय. भाऊजी म्हणतात मॅटचा हाय. मला नाय पटत. तुम्ही फ्यूज शिकवला होता ना आम्हाला?”

शिकवला होता! एकतीस वर्षे शिकवला. वितळतारेची आकृती मी डोळे मिटून काढू शकते. परंतु मोटारीतला फ्यूज आजवर एकदाही स्वतःच्या हाताने उपसलेला नाही, हे तिला सांगितले नाही. इथे लिहून ठेवते.

इंजिन बंद, किल्ली बाहेर, दिवे बंद. स्टिअरिंगखालचे झाकण काढले. आतल्या बाजूस नकाशा छापलेला: कोणते घर कशाचे, किती अँपिअरचे. किती शिस्त! मागच्या दिव्यांच्या घरावर ‘१०’ लिहिलेले, आणि घरात फ्यूजच नाही. तांब्याची तार, तीन पदरी पिळून खुपसलेली. भोवतीचे प्लास्टिक तपकिरी.

मं.ला विचारले, हे कोणी केले?

“भाऊजींनी. फ्यूज सारखा जायचा म्हणून. चार महिने झाले, एकदा बी दिवा गेला नाय म्हणून खूश आहेत.”

दिवा कसा जाईल! फ्यूज हा पहारेकरी. त्याला उठवून तिथे दगड बसवला, तर दगड झोपत नाही हे खरे. पण चोर आला तर ओरडतही नाही. तार आधी काढायला लावली. गाडी उद्यापर्यंत माझ्याच अंगणात. मं. रिक्षाने गेली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

उस्मानपुऱ्यात रफीकभाईंकडे. वायरिंगचे काम करणारे हे गृहस्थ सुटे फ्यूजही ठेवतात. दहाचे दहा मागितले. रंग पाहूनच हरखले: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. लहान मुलांच्या गोळ्यांसारखे बरणीत.

“मॅडम, तीसका ले जाओ ना. जिंदगीभर नहीं जलेगा.”

“फ्यूज नहीं जलेगा, तो गाडी जलेगी, रफीकभाई.”

“व्वा! ये बोर्ड पे लिख देता हूँ दुकान के.” आणि लाल मोजून दिले, जोडीला दोन निळे. उपसण्याचा इवलासा प्लास्टिकचा चिमटा वर दिला.

संध्याकाळी पाळी संपवून मं. आली. फ्यूज तिनेच बसवला. मी मागे उभी राहून फक्त बोलत होते (म्हणजे बरेच). दिवे लागले. दहा मिनिटे पाहिले. लागलेलेच!! दोघींनी चहा घेतला. मला तर अंतराळयान सोडल्यासारखे वाटत होते. ती गाडी घेऊन गेली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुपारी फोन. “लाल गेला बाई.” संध्याकाळी गाडी घेऊन आली, मागचे दिवे नाहीत म्हणून उजेड असतानाच निघाली होती. शहाणी.

जळालेला फ्यूज उजेडात धरला. मधली पट्टी तुटलेली, काचेवर काजळी. काच नव्हे, प्लास्टिक; तरी शब्द काचच सुचतो. म्हणजे साधी वयाने तुटलेली पट्टी नाही. कुठेतरी प्रवाहाला आडवाट मिळते आहे.

माझे अनुमान: बल्बच्या बैठकीत दोष. एकेक बल्ब काढून पाहिला. निष्पत्ती शून्य. मध्येच दुसरा लाल गेला. तिसराही. शिल्लक सात.

वहीत तक्ता आखला: केव्हा गेला, त्याआधी काय केले. मं. म्हणाली, “शाळेतल्या प्रयोगाची वही आठवली.” मी म्हणाले, तीच आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सापडले! सापडले!!

तक्त्यात तिन्ही नोंदींपुढे एकच गोष्ट. पहिला: मं.ने मागून पाण्याचा कॅन उतरवला. दुसरा: मी बल्ब काढायला डिकी उघडली. तिसरा: तो पुन्हा लावायला डिकी उघडली. दिवे चालू आणि डिकी अर्ध्यावर. बस्स!

चौथा लाल जाणूनबुजून बळी दिला. मी पुढे फ्यूजवर डोळे लावून बसले, मं.ने डिकी हळूहळू वर नेली. “थोडी अजून... अजून...” टक्. दिवे गेले. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी वाकून पाहिले, पाहू दे.

बिजागरीजवळ रबरी नळी असते, तिच्यातून नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जाते. डिकीच्या उघडमिटीने नळी चिरलेली, आतली वायर उघडी, पत्र्याला टेकणारी. चार महिने ती टेकत होती, आणि भगवानची तार तिला मुकाट्याने प्रवाह पुरवत होती. वास मॅटचा नव्हता.

वायर जोडायचे काम आपले नव्हे. रफीकभाईंकडे नेली. त्यांनी पत्र्यावरचा काळा डाग पाहिला आणि थट्टा थांबवली. “थोडे दिन और चलती, तो...” एवढेच म्हणाले. नवी वायर, नवी नळी. मग लाल. डिकी वीस वेळा उघडमिट केली; मं.ने मोठ्याने मोजले. लाल शाबूत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज टायर. माझा आवडता दिवस ठरणार अशी खात्री होती. खाच मोजण्याची पट्टी माझ्याकडे आहे. मं.ने रजा काढली.

गाडी थंड असताना हवा मोजली. आकडा चालकाच्या दाराच्या कडेला चिकटवलेला असतो, टायरवरचा नव्हे. मग खाचा. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. दीड मिलिमीटरच्या जरा वर. समजावून सांगितले: मध्ये झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी. चारही टायर मोजले. साडेचारच्या आसपास. वहीत लिहिले: ‘उत्तम’.

मं. पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसली होती. तळहात टायरवरून फिरवत होती. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत.

“बाई, हे उलट्या अंगानं टोचायलंय.”

मी पट्टी दाखवली. पट्टी खोटे बोलत नाही, असेही म्हणाले. जरा तोऱ्यातच.

“पट्टी खोटं नाय बोलत. पर पट्टी आतल्या कडेला गेली का?”

गेली नव्हती. गुडघ्यामुळे मी वाकलेच नव्हते. बाहेरची आणि मधली, एवढ्याच खाचा मोजून चारही टायरना उत्तीर्ण केले होते. स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितले. चाक तिरके झाले आणि आतली कड समोर आली. गुळगुळीत. उंचवट्यांशी सपाट. पुढचा उजवाही तसाच, जरा कमी.

एकतीस वर्षे मुलींना सांगितले, निरीक्षण अपुरे तर अनुमान व्यर्थ.

विचारले, हाताने कसे कळले?

“आमचे आबा मेंढीच्या पाठीवर असाच हात फिरवायचे. सुलटा फिरवला की सगळ्या मेंढ्या सारख्याच लागतात. उलटा फिरवला की कळतं कोणती खंगली, कुठं गोचीड हाय. बाजारात सुलट्या हातानं मेंढी घेणारा फसला म्हणायचे.”

वा! वा! टायर सरळ लोळण्याऐवजी किंचित फरफटत जातो, तेव्हा रबराच्या कडा एका दिशेला झुकतात. एका बाजूने मऊ, दुसऱ्या बाजूने करवतीसारख्या. चाकांची दिशा चुकल्याची ही खूण. डोळ्याला दिसण्याआधी हाताला कळते. वहीतले ‘उत्तम’ खोडले. खाली लिहिले: ‘तपासनीस अनुत्तीर्ण’. मं.ने वाचले आणि तोंडाला पदर लावून हसली.

जादा टायरही काढायला लावला. त्याच्यावरचे चार अंक वाचायला शिकवले: आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. शेवटचे दोन अंक १४! खाचा नव्यासारख्या, पण कडेला बारीक भेगा. अकरा वर्षांचे रबर सहा जणींच्या जिवाखाली ठेवायचे नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

भगवान आला. उंच, बोलका, पांढरा शर्ट. मं.ने टायरचे सांगितले.

“वहिनी, वरून तर झकास दिसतात की. उद्या गाडी सुरू करायची अन् आज टायर बदलायचे? अन् मास्तरीणबाई, तुम्ही पोरींना शिकवा. गाडीला कशाला शाळेत घालता?”

“गाडीच आली शाळेत, भाऊजी,” मं. म्हणाली. “तुम्ही हात तर लावा. उलटा.”

त्याने लावला नाही. मी तारेचा तुकडा नि करपलेली नळी पुढे ठेवली. त्याने नळी उचलली, वास घेतला, ठेवली. “माझी तार चार महिने चालली,” म्हणाला, पण आवाज खाली.

दुपारी मं.नेच पुढचे दोन आणि जादाचा एक, असे तीन टायर बसवून आणले, चाकांची दिशाही सरळ करून घेतली. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे तिने मोबाईलवर टिपून मला पाठवले. मी ते वहीत उतरवून घेतले. इतके सुंदर आकडे!

भगवान जाताना: “अट तीच हाय. बंद पडली की किल्ली माझी.”

सोमवार, १० नोव्हेंबर

पहाटे साडेपाच. अंधार. मुद्दाम कोपऱ्यापर्यंत चालत गेले. व्हॅन पुढून गेली. मागचे दोन्ही दिवे लाल, स्थिर, वळणापर्यंत दिसत राहिले. आत कोणीतरी हात हलवला. कोण ते कळले नाही, मीही हलवला.

सात वाजून दहा मि. — ‘पोचलो बाई.’

बुधवार, १२ नोव्हेंबर

घटना! पाळी सुटल्यावर सहा जणींपैकी एकीने मोबाईल लावण्याच्या सॉकेटात वाकडी पिन घुसवली. सॉकेट मेले. गाडी कारखान्याच्या आवारातच उभी होती, निघायची होती. मं.ने किल्ली काढली, नकाशा पाहिला, जळालेला उपसला, निळा बसवला. चार मिनिटे. एकजण म्हणाली, “अगं, तू तर डॉक्टरीण निघालीस!” मं.चे उत्तर: “डॉक्टर नाय, कंपाउंडर. डॉक्टर गारखेड्यात असते.”

हे तिने फोनवर सांगितले. मी दोनदा सांगायला लावले.

पिन फेकून दिली का, हे विचारायचे राहिले. पुन्हा फोन केला. फेकली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पाच दिवस झाले. एकदाही बंद नाही. उद्याचा एक. मं. म्हणते, वाटेत उताराला जरा जपून घेते. मी म्हणाले, जपणे रोजचेच ठेव, आठवड्यापुरते नको.

सकाळी हवा तिनेच पाहिली. मी फक्त

(दूधवाला आला. काय लिहीत होते ते गेले.)

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी चारला व्हॅन अंगणात आली. मागोमाग मोटरसायकलवर भगवान. आठवडा पुरा झाला होता, गाडी बंद पडली नव्हती, म्हणून तो काय बोलतो याकडे दोघींचे कान.

त्याने आधी व्हॅनभोवती एक फेरी मारली. मग मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि, माझा विश्वास बसेना, तळहात टायरवर ठेवला. सुलटा फिरवला. थांबला. उलटा फिरवला. डोळे मिटलेले. मं.कडे पाहिले तर ती जमिनीकडे पाहत होती. आबा मं.च्या माहेरचे. पण मेंढ्या दोघांच्या घरी होत्या.

उठून हात झटकले. “मागचे ठीक हायत.”

“मी पाहिलेत, भाऊजी.”

“किल्ली द्या. उद्या गावाकडं पेंडेची पोती न्यायची हायत. संध्याकाळी आणून लावतो. सोमवारचं सोमवारी बघू.”

‘सोमवारचं सोमवारी’ म्हणजे काय, ते त्याने सांगितले नाही. किल्ली मं.च्या कमरेला, नाडीत बांधलेली. तिने गाठीवर हात ठेवला, पण सोडली नाही.

“देते. एक सांगा आधी. मागचे दिवे गेले, तर कोणता फ्यूज लावाल?”

“लाल.”

“लाल कितीचा?”

भगवानने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी ओळखते. एकतीस वर्षे परीक्षेच्या दालनात पाहिले आहे. ओठांवर आकडा आला होता माझ्या. अगदी आला होता.

मी अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहत राहिले.