तिळभाताची चव

बसवनगुडी, बेंगळूर
१९६८

येसाजीअण्णास, जिवंत बहिणीचा नमस्कार.

सात वर्षांपूर्वी मी गेल्याची तार तुला आसामात मिळाली, ती खोटी होती. इस्पितळात कॅन्सरच्या नव्या औषधाचा प्रयोग चालला होता, आम्हा काही बायकांना इंजेक्शनं देत होते. व्हरांड्यात बसले असताना कावळा माझ्या डोक्याला शिवला. सकवारमावशी घाबरली. तिने आपल्या रीतीप्रमाणे मरणाची खोटी बातमी धाडली. माणसं रडली की अरिष्ट टळतं, मग खरं कळवायचं.

तार गेली त्याच आठवड्यात गाठ विरघळू लागली. मावशी म्हणाली, "एवढ्यात खरं कळवू नको गं. स्वल्प थांब."

आम्ही थांबलोच. डॉक्टर म्हणतात, औषधाने वाचलात. मग तेच औषध घेतलेल्या बाकीच्या बायका का गेल्या?

दर पितृपक्षात एका दुपारी, काही न खाता, माझ्या तोंडात काळ्या तिळांच्या भाताची चव येते. तिकडे तू माझ्या नावाने घास ठेवलास, हे मला कळतं. म्हणूनच अशी पत्रं लिहिते आणि टपालात टाकत नाही.

यंदा सर्वपित्रीही उलटली. चव आली नाही. काल न्हाताना जुन्या जागी हाताला पुन्हा काहीतरी लागलं.

अण्णा, तू बरा आहेस ना? तुझ्यासाठी रडणारं माझ्याशिवाय कोण आहे? आज दार लावून, तू गेलास असं धरून, मी पोटभर रडले.

हे पत्र मात्र टपालात टाकते आहे. आता खरं काय ते तू कळव.

तू रडलास म्हणून उरलेली,
भागू