सातवा रकाना

२३ जून, सोमवार

शाळेतून बोलावणं. शाळा सुरू होऊन आठ दिवस, आणि हे दुसऱ्यांदा. तन्वीने शेजारच्या मुलीचा कंपास स्वतःच्या दप्तरात घातला. विचारलं तर म्हणाली, आईने काल वाशीहून आणला. पाटील मॅडम (वर्गशिक्षिका, पाचवी ब) सगळ्या वर्गासमोर : "तन्वीचे पप्पा, दहा वर्षांची मुलगी इतकं सराईत खोटं बोलते. घरी लक्ष असतं ना तुमचं?"

कंपासच्या झाकणावर त्या मुलीचं नाव कर्कटकाने कोरलेलं. ते तसंच होतं. चोरायचं असतं तर निदान नाव तरी खरवडलं असतं. हे तिथे सुचलं नाही. बसस्टॉपवर सुचलं.

घरी बायकोला, सु.ला, सांगितलं. ती कणीक मळत राहिली, लागते त्याच्या दुप्पट वेळ.

२६ जून, गुरुवार

सातचा पाढा. सोमवारी आला. मंगळवारी आला. काल सात चोकपर्यंत. आज सात एके सात, आणि पुढे नुसती माझ्याकडे बघते, जणू हा पाढा जगात आजच निघाला.

१ जूनपासून टिपण ठेवलंय. सव्वीस दिवस, आला अकरा दिवस, गेला पंधरा. अभ्यास रोज पाऊण तास, ठरल्या वेळी, मी समोर. मी दहावी नापास माणूस. कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची यंत्रं तपासणं, पुस्तकं वाचून शिकलो, इंग्रजी डिक्शनरी घेऊन. आज तुर्भ्याला कंपनीत डिप्लोमावाली पोरं मायक्रोमीटर तपासायला माझ्याकडे आणतात. आणि माझी मुलगी सातच्या पाढ्याला अडते.

चापट मारली. एकच. शेजारच्या मालूबाय दारात आल्या : "मारू नको रं भाऊ. ती मुद्दाम नाय करत. ती हाय तशी हाय."

म्हटलं, मावशी, तुम्ही घरात जा.

पाच मिनिटांनी तन्वी पाणी घेऊन आली, माझ्यासाठी. चापट विसरली होती. किंवा...

४ जुलै, शुक्रवार

शाळेत दर शुक्रवारी एक विशेष शिक्षिका येतात, रश्मी मॅडम. तिशीच्या असतील. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. कंपासचं नावही काढलं नाही त्यांनी. तन्वीला म्हणाल्या, "वही काढ, तारीख लिही आणि मग खिडकी लाव." तन्वीने वही काढली आणि थांबली. ढिम्म. मग त्यांनी एकेक करून सांगितलं. तारीख लिही. लिहिली. छान. आता खिडकी. लावली, कडीसकट.

"हा हट्ट नाही, काका. तीन गोष्टी एकदम हातात दिल्या की दोन पडतात."

"आणि खोटं बोलते ते?"

"आठवत नाही तिथे रिकामी जागा राहते. घाबरते. मग जे जवळ सापडेल ते तिथे ठेवते. आई, काल, वाशी."

"म्हणजे खोटंच की."

"खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं, काका."

मी ऐकून घेतलं. ही सवय नाही मला.

मग तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत होत्या. लहानपणीचे फोटो मागितले. डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. घरी येऊन मी बघितलं. नाकाखालून वरच्या ओठापर्यंत जी पन्हळ असते ती तन्वीला जवळपास नाहीच. वरचा ओठ दोऱ्यासारखा. डोळ्यांच्या फटी लहान. दहा वर्षं रोज समोर बसवतोय आणि मला दिसलं नाही. दोन मायक्रॉनची चूक पकडणारा मी.

१२ जुलै, शनिवार

सहा कार्डं केली. ७० × १०० मिमी, कोपरे गोल, लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी. प्रत्येकावर एकच फोटो, तन्वीचाच : दप्तर उघडते, वही काढते, फळ्याकडे बघते, लिहिते, डबा, दप्तर भरते. एक झालं की उलटं ठेवायचं. रश्मी मॅडमची कल्पना. त्यांच्या नमुना कार्डांचे कोपरे टोकदार होते, हाताला लागले असते.

पाटील मॅडम : "माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत हो. मी काय पत्ते वाटत बसू?" तरी तिला पहिल्या बाकावर बसवलं, पंखा आणि दारापासून लांब. फार गोंगाट झाला की ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगीही दिली. रागारागाने, पण दिली.

सु.ला समजावत होतो. आमच्याकडे गेजला झिरो एरर असली, म्हणजे मापयंत्राचा काटा मुळातच शून्यावर नसला, म्हणून ते फेकून देत नाहीत. टॅग लावतात, एरर किती ते लिहितात, रीडिंगमधून तेवढी वजा करतात. ती म्हणाली, "अहो, ती गेज नाही." मग थोड्या वेळाने, "पण टॅगवर लिहितात का, एरर कोणामुळे आली ते?"

नाही लिहीत.

२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टर. वाशी. वयस्कर बाई, घाई नाही. मागच्या महिन्यातल्या चाचण्यांचे कागद बघितले. बुद्ध्यांक ७८. म्हणजे मतिमंदाच्या सवलतीत बसत नाही, आणि नुसती आळशी म्हणावी तर तशीही नाही. मधल्या मधे. डोक्याचा घेर घेतला, चेहऱ्याची मापं घेतली. फूटपट्टी पारदर्शक, चांगली होती.

मग सु.ला : "गरोदरपणात दारू? बिअर, वाइन, काहीही, थोडीसुद्धा? राग मानू नका, मी सगळ्यांना विचारते."

सु. : "शी! आमच्या घरात बाटली येत नाही. यांना साधं सुपारीचं व्यसन नाही." आणि माझ्याकडे बघितलं, सर्टिफिकेट दाखवावं तसं.

मी मान हलवली. उभी की आडवी, आठवत नाही. खरंच आठवत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, दारूमुळे पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, त्यात असं सगळं दिसतं. एफएएसडी म्हणतात. पण चेहरा पूर्ण जुळत नाही. अशा वेळी आईकडची माहिती पक्की असल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. 'कारण अज्ञात' लिहीन. शाळा ऐकेल न ऐकेल.

परतताना सु. रिक्षात : "बघा, उगाच नाही नाही ते विचारतात."

३ ऑगस्ट, रविवार

माळ्यावरून जुन्या रोजनिशा काढल्या. सु. मालूबायबरोबर मच्छी आणायला गेली होती.

१९ डिसेंबर २०१४ : 'सु. Hb ८.२. टॉ. सुरू. ६० × २.'

टॉ. म्हणजे टॉनिक, साठ मिली, दिवसातून दोनदा. टॉनिक म्हणजे पोर्ट वाइन.

रद्दीत मिळालेलं इंग्रजी पुस्तक होतं, जाड पुठ्ठ्याचं, घरगुती औषधोपचारांचं. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला रोज थोडी पोर्ट वाइन द्यावी. छापलेलं होतं. पुस्तक किती जुनं ते ज्या पानावर असतं ते पान फाटलेलं, आणि मला ते शोधायची गरज वाटली नाही. इंग्रजी मी स्वतः शिकलो होतो. नवी ऐट होती. दवाखान्यात विचारायचं सोडून मी पुस्तकाला विचारलं.

सु.चं माहेर साताऱ्याकडचं, माळकरी, वाइन म्हटल्यावर तिने शिवलीसुद्धा नसती. म्हणून कफ सिरपच्या तपकिरी बाटलीत ओतली. लेबल माझ्या अक्षरात : टॉनिक.

"कसलं हो?"

"रक्ताचं."

"डोकं हलकं हलकं होतं."

"म्हणजे लागू पडतंय."

तिसऱ्या महिन्यात ७५ × २ केलं. मापाच्या पेल्याने, डोळ्याच्या रेषेत धरून. जूनमध्ये तिला वासाने मळमळायला लागलं तेव्हा बंद. तोवर एक दिवस चुकलेला नाही, रोज बरोबरची खूण. Hb वाढलं ते पालिकेच्या दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्यांनी वाढलं असणार. तेव्हा मी पुस्तकाला श्रेय दिलं. म्हणजे मला.

रोजनिशा परत वर ठेवल्या. त्याच क्रमाने.

११ ऑगस्ट, सोमवार

तन्वीला दहा पूर्ण. केक. मेणबत्ती विझवल्यावर विचारलं, "पप्पा, वाढदिवस झाला की अजून व्हायचाय?"

सगळे हसले. तीही हसली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हाफ डे टाकून डॉक्टरांकडे एकटाच गेलो. सांगितलं. तारीख, माप, किती वेळा, किती महिने. त्यांनी पेन खाली ठेवलं. "इतकं नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही."

विचारलं, तेवढ्याने झालं असेल का?

"त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. त्याने नाही झालं असं तर मुळीच नाही. गरोदरपणात सुरक्षित असं मापच नाही."

माप नाही. आणि मी पेला डोळ्याच्या रेषेत धरत होतो.

म्हटलं, तुम्ही लिहा, घरी कळायला नको. त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. बारा रकाने. सातवा : गरोदरपणातील मद्य, प्रमाण व कालावधी. खाली दोन सह्या, आई आणि वडील.

"तुमच्या मिसेसनी त्या दिवशी, तुम्ही बाहेर पैसे भरत होतात तेव्हा, मला तीनदा विचारलं, माझं काय चुकलं म्हणून. पुढच्या वेळी मी त्यांना काय सांगू, ते तुम्ही ठरवा."

शाळेला कागद १५ सप्टेंबरपर्यंत हवा. त्यावर परीक्षेला जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवायला माणूस, एका वेळी एकच प्रश्न. नाहीतर पाचवीला आता नापास करतात. मैत्रिणी पुढे जातील, ही पहिल्या बाकावर, तिथेच.

७ सप्टेंबर, रविवार

ग्रहण आज रात्री, वेध दुपारपासून. सु.ने बाराच्या आत स्वयंपाक उरकला. मग मालूबायच्या सुनेला सांगून आली, आज विळीला हात लावू नकोस. तिला सहावा आहे.

सवयीने बोललो, "अजून तेच का तुझं?"

"हसा. तेव्हाही हसला होता."

"कधी?"

खाली बसली. पदराने तोंड पुसलं. "हनुमान जयंतीचं ग्रहण होतं. मला पाचवा. कैरी खावीशी वाटली. तुम्ही विळी पुढे सरकवलीत. म्हणालात, चिर, बघू काय होतंय ते. झालं ना. तिच्या ओठावरची पन्हळ मीच पुसली. दहा वर्षं रोज बघते. तुम्हाला सांगितलं असतं तर परत हसला असता."

दहा वर्षं. वेणी घालताना, भात कालवताना. आणि मी तिला विज्ञान समजावत होतो.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तन्वी आली, "आई, ग्रहण म्हणजे सुट्टी का?" सु. म्हणाली, नाही गं बाई. उठून गेली.

नंतर रोजनिशी बघितली. ४ एप्रिल २०१५ : 'ग्रहण. सु.ने कैरी चिरली. काहीही झाले नाही. टॉ. ७५ × २.'

९ सप्टेंबर, मंगळवार

पाटील मॅडमनी गेटवर थांबवलं. मला वाटलं आता काय. "ते पत्ते अजून दोन सेट द्याल का? वर्गात अजून दोघं आहेत, त्यांनाही लागू पडतंय." लागू पडतंय. हा शब्द माझा.

मग म्हणाल्या, "काल तन्वीला सांगितलं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण, मी ओरडणार नाही. दिवसभरात नऊ वेळा म्हणाली. तन्वीचे पप्पा, ती एवढं सगळं आजपर्यंत कुठून भरत होती हो?" आणि, "तो डॉक्टरांचा कागद सोमवारी नक्की. पुढे माझ्या हातात नाही."

दोन सेट केले. कोपरे गोल.

१३ सप्टेंबर, शनिवार

फॉर्म भरला. रकाने एक ते सहा दहा मिनिटांत. आठ ते बारा पंधरा मिनिटांत. सातवा संध्याकाळी. शाईच्या पेनाने, खोडता येऊ नये म्हणून.

'होय. पोर्ट वाइन, ६० मिली दिवसातून दोनदा, पुढे ७५ मिली दोनदा. १९ डिसेंबर २०१४ ते ६ जून २०१५. पतीने औषध म्हणून दिली. आईला माहीत नव्हते.'

शेवटचं वाक्य रकान्यात मावत नव्हतं. अक्षर बारीक केलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळ. तन्वी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलते आहे. आईने सांगितलंय : आधी टरफल, मग डबा. एका वेळी एक.

फॉर्म सु.समोर ठेवला. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. बँक, रेशन, गॅस, शाळा, सगळे कागद मी वाचतो, ती सही करते. तिने पेन घेतलं. "कुठे करू?"

"आधी वाच."

"तुम्ही वाचलंय ना?"

"मी लिहिलंय. तू वाच. सातवा रकाना."

तिने पेनाला टोपण लावलं. "इतकं बारीक काय लिहिलंय," म्हणाली आणि चष्मा आणायला आत गेली.

तन्वीने विचारलं, "पप्पा, आता पुढे काय?" शेंगा संपल्या होत्या. म्हटलं, आठवत नाही, बाळा. थांब, आई येईल.

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. चष्म्याची डबी उघडल्याचा आला. ती बाहेर येते आहे.