बारा मैलांचा अँटेना

डॉब्स क्रॉसिंग, कॅन्सस
६ नोव्हेंबर १९७७

तीर्थरूप ओपलताईच्या पायाशी,

धाकट्या एमेटचा टोपी काढून नमस्कार. (टोपी खरोखरच काढली आहे. तिच्यावर व्हर्जिलने ग्रीस सांडलं, ते पुढे येईलच.)

तुझे गुडघे कसे आहेत? ऑरेगॉनच्या पावसाने डावा गुडघा उजव्याशी बोलेनासा झालाय, असं तू लिहिलं होतंस. इथे पाऊस नाही, पण घरात साधारण तीच परिस्थिती आहे. कोंबड्या बऱ्या असतील. आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये आमच्या सौ. नॅडीनने मला समोर बसवलं. तिचा आवाज कधी चढत नाही हे तुला ठाऊकच आहे. चढला असता तर मी निमूट बसून वादळ ओसरायची वाट पाहिली असती. ती शांतपणे म्हणाली, "चार-चार दिवस तू जिवंत आहेस की नाहीस, मला पत्ता नसतो. तुझ्या ट्रकमधला तो बोलायचा रेडिओ निदान या स्वयंपाकघरापर्यंत पोचव. नाहीतर थँक्सगिव्हिंगच्या सणाआत ट्रक विक." एवढं बोलून तिने फ्रिजवर तसाच एक जुना रेडिओसंच आणून ठेवला आणि ती भांडी घासायला गेली. ठरलं ते असं की, गावाबाहेर बारा मैलांवर धान्याच्या कोठारापाशी चढ आहे, तिथून मी हाक मारायची आणि तिला ती ऐकू यायची. एकतीस वर्षं मी या घरात छातीठोकपणे सांगत आलोय की मला मरण येईल ते स्टिअरिंगवरच. तेव्हा ट्रक वाचवणं भाग होतं.

रेडिओ किती लांब पोचतो हे अँटेनावर असतं, आणि अँटेना म्हटलं की आमच्याकडे मेहुणा येतो. नॅडीनचा भाऊ व्हर्जिल लष्करात रेडिओ विभागात होता. (बटाटे सोलायला होता. पण बटाटे रेडिओ विभागाचेच.) त्याचं म्हणणं पडलं की केबिनवर अँटेना लावला तर मागचा गुरांचा उंच ट्रेलर त्याला झाकून टाकणार, फोटोत ताडमाड काकांच्या मागे उभं केलेल्या पोरासारखी त्याची गत होणार. म्हणून अँटेना थेट ट्रेलरच्या कपाळावर लावायचा आणि त्याची तार खिडकीतून आत रेडिओला आणायची. पटण्यासारखं होतं. व्हर्जिलचं सगळंच आधी पटण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी चाळीस मैलांवरच्या एका माणसाने मला सुप्रभात म्हटलं, तेव्हा मी व्हर्जिलला मिठी मारली. (टोपीवरचं ग्रीस ते हेच.)

दुसऱ्या दिवशी गुरं उतरवली आणि ट्रेलर धुवायला तिथेच सोडायचा होता. ताई, तीस वर्षं मी ट्रेलर सोडतोय. हवेच्या नळ्या काढायच्या, दिव्यांची वायर काढायची, ट्रेलरचे पाय खाली टेकवायचे, जोडणीचा खटका ओढायचा आणि निघायचं. डोक्याला विचारावं लागत नाही, हातच करतात. हातांना हे सगळं पाठ होतं, पण अँटेनाच्या तारेची ओळख त्यांना कुणी करून दिली नव्हती. मी शीळ घालत निघालो. ट्रक पुढे गेला, ट्रेलर मागे राहिला आणि रेडिओने ट्रेलरसोबत राहायचं ठरवलं. डॅशबोर्डचा निम्मा तुकडा, माईक अडकवायची खुंटी आणि माझा जेवणाचा डबा घेऊन तो माझ्या कानाजवळून खिडकीबाहेर गेला. आरशात बघतो तर ट्रेलरच्या कपाळाखाली रेडिओ लोंबतोय आणि आमचा म्हातारा कुत्रा डच मागच्या काचेतून त्याच्यावर भुंकतोय. व्हर्जिलने येऊन सगळं पाहिलं आणि तो समाधानाने म्हणाला, "तार मजबूत निघाली हां!"

मग अँटेना आरशाच्या दांड्यावर आला. डॅशबोर्ड चिकटपट्टीने बांधला. खुंटी मिळेना म्हणून माईक सीटवरच ठेवायला लागलो. आता अँटेना जुळवायचं एक काट्याचं यंत्र असतं. काटा तांबड्यात गेला की रेडिओ जळायची भीती. आमचा काटा तांबड्यातच. व्हर्जिल म्हणाला, अँटेनाची काठी लांब झालीय, बोटभर काप. कापली. काटा आणखी तांबडा. आणखी बोटभर कापली. हे सगळं इडाच्या कॅफेसमोरच्या मैदानात चाललं होतं, त्यामुळे आत कॉफी पिणारे एकेक जण कप घेऊन बाहेर आले आणि प्रत्येकाने आपलं एकेक बोट कापून दिलं. (आपलं म्हणजे काठीचं.) संध्याकाळपर्यंत अँटेना पळीएवढा उरला. रेडिओवर इथे प्रत्येकाला टोपणनाव असतं. मी स्वतःला 'माळरानाचा गरुड' म्हणवून घेणार होतो, पण त्या संध्याकाळपासून सगळे ड्रायव्हर मला 'बुटका' म्हणतात.

शेवटी इडाच बाहेर आली. तिचा नवरा ट्रक चालवायचा. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. तिने दांड्यावर नजर टाकली आणि ती म्हणाली, "अरे शहाण्यांनो, रंगावर बसवलंय की हे! खाली उघडं लोखंड लागतं." एप्रनच्या खिशातून लोणी लावायची सुरी काढून तिने तळाचा रंग खरवडला. नवी काठी लावली. काटा निमूट खाली येऊन बसला. व्हर्जिल म्हणाला, मी तेच सांगणार होतो.

तर काल दुपारी चार वाजता मी कोठाराच्या चढावर होतो. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. तिसऱ्यांदा मारली आणि माईक सीटवर डचशेजारी टाकून दिला. गाडी चालू केली. रेडिओ गप्पच होता. तेव्हा ताई, मला काय झालं कोण जाणे, मी डचशी बोलायला लागलो. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. फेब्रुवारीत बर्फावर, लांब उतारावर, माझा ट्रेलर मागून घसरत माझ्याच बाजूला आला. आरशात मला चाळीस गुरांचे डोळे दिसले. वाचलो, पण माझं कर्तृत्व त्यात काही नव्हतं. तेव्हापासून उतार आला की मी गाडी बैलगाडीसारखी हाकतो. मी डचला म्हटलं, बाबा रे, मला भीती वाटते. मला घरी बसायचंय. नॅडीनच्या स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलायच्यात. पण एकतीस वर्षं फुशारकी मारली, ती आता कोणत्या तोंडाने गिळू? आणि मी रडलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कुत्र्यासमोर.

गावाची वेस आली आणि डच खिडकीबाहेर बघायला उठला. त्याबरोबर रेडिओ एकदम बोलायला लागला. डच बारा मैल माईकच्या बटणावर झोपला होता! (बटण दाबलेलं असलं की आपलं बोलणं सगळीकडे जातं, दुसऱ्याचं आपल्याला येत नाही.) कुणी परका ड्रायव्हर म्हणत होता, "बुटक्या, कुत्रा उठला काय? अरे भल्या माणसा, विकून टाक तो ट्रक. इथे दोघांनी डोळे पुसायला गाड्या कडेला लावल्यात."

म्हणजे नॅडीननेही अक्षर न् अक्षर ऐकलं असणार. (पहिल्या हाकांना उत्तर आलं नाही, कारण ती हात पुसून येईपर्यंत वेळ लागला असेल.) घरी गेलो. तिने रेडिओचं नावसुद्धा काढलं नाही. तिचे डोळे खाली होते. ताज्या भाजलेल्या, भोपळ्याच्या गोड पायचा मोठा तुकडा वाढला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून खाल्लं. बाकी सर्व ठीक.

ऑरेगॉनच्या कोंबड्यांना दाणे आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार.

तुझा,
एमेट

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. तिने ऐकून विषय काढला नाही आणि मला ऐकवूनही विषय काढता येत नाही. थँक्सगिव्हिंगला अडीच आठवडे उरलेत. तर तू मला एक खरमरीत पत्र लिही. मी तुला लहानपणापासून घाबरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'एमेट, ट्रक ताबडतोब विक, नाहीतर मी मेले असं समज' असं काहीतरी. म्हणजे मी चार दिवस आदळआपट करीन आणि वडील बहिणीचा शब्द म्हणून ऐकीन.

आणखी ता. क. : मात्र माझ्या शौर्याविषयी एक वाक्य असू दे.

ओपलवन्सं, मी नॅडीन. पत्राला तिकीट लाव म्हणून दिलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. काल मी त्या पायचं भोपळ्याचं सारण फेटायला मिक्सर लावला होता. भिंतीत मोकळा प्लग एकच आहे, म्हणून फ्रिजवरच्या संचाची वायर काढली आणि परत लावायला विसरले. मी एक शब्दही ऐकला नाही. तो रेडिओचं विचारील या भीतीने मी मान वर केली नाही. इतकी खटपट करतोय बिचारा, तर राहू दे त्याचा ट्रक, असं आज सांगणार होते. आता नाही सांगत. वन्सं, तुम्ही पत्र लवकर लिहा आणि चांगलं कडक लिहा. तो मला मोठ्याने वाचून दाखवील, तेव्हा मी त्याच्या बाजूने तुमच्याशी थोडी भांडेन.