न उलटलेलं पान

१२ नोव्हेंबर १९७३, सांगली
गाढव! नाही, गाढव निदान ओझं तरी वाहतं. शेजारच्या मनुबाईच्या दाव्यात तिच्याच धनपाल वकिलांनी जो निवाडा दाखवला, तो त्यांनी वाचलेलाच नाही! वरचा चार ओळींचा सारांश पाहिला — दिराने राहायला दिलेल्या घरातून विधवेला काढता येत नाही — आणि दिला ठोकून. मी आज बसून अख्खा वाचला. त्या निवाड्यातल्या दिराने रीतसर कागद लिहून दिला होता, म्हणून काढता येत नाही! मनुबाईचा दीर, तासगावचा लालासाहेब, नुसता तोंडाने म्हणाला होता, "वैनी, मरस्तोवर ऱ्हावा." आता त्याला तिथे बेदाण्याचं गोदाम हवंय.

१३ नोव्हेंबर
वकिलांना गाठलं. "बाई, सगळं वाचत बसलो तर अशिलं कधी बघू? समोरचे वकील मानसिंगरावही वरचंच वाचतात." वर हसले! शाळेत न वाचलेल्या पुस्तकाचं नाव निबंधात टाकलं, की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. या काळ्या कोटवाल्यांना ती पट्टीच हवी. लॉ कॉलेजचं ग्रंथालय निवृत्त होईपर्यंत सांभाळलं मी — निवाड्यांचं पहिलं पान मळकं, पुढची कोरी करकरीत!

१८ नोव्हेंबर
वकील संघाच्या त्रैमासिकासाठी लेख लिहायला घेतला. संपादक नानासो खूश — "नावानिशी येऊ द्या!" देते की. पहिला मासला धनपालांचाच.

२६ नोव्हेंबर
मनुबाई मेथी घेऊन आली. "आवं बाई, लय मोठ्या कोर्टाचा कागद लावलाय म्हनं वकिलानं. मग घर ऱ्हाईल न्हवं? मला दुसरं छप्पर न्हाई." मी मेथी निवडत बसले.

४ डिसेंबर
मनुबाई जिंकली! न्यायाधीशांनी त्याच चार ओळी उचलल्या. मानसिंगराव मान डोलावत होते. पान कुणीच उलटलं नाही! लालासाहेब बाहेर ओरडत होता, "वर अपील करतो!" मानसिंगराव त्याला म्हणाले, "कशाच्या जोरावर?"

५ डिसेंबर
लेख पुरा झाला. झणझणीत!

७ डिसेंबर
नानासो लेख न्यायला आले. विचारलं, "मानसिंगराव तुमचं त्रैमासिक वाचतात का हो?"
"तेवढे एकच तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात!"
म्हटलं, लेख चुलीत गेला.
ते गेल्यावर मी लेख घेऊन मनुबाईकडे गेले. तिच्या चुलीवर चहा बरा झाला.