व्यसन : बिडी

३ फेब्रुवारी
आज खोटं बोलले. तेही धड कुणी विचारायच्या आधी!

बारकूला दवाखान्यात नेलं होतं. तीन महिने खोकतोय, आता थुंकीत रक्त. आमच्या अंबडच्या कारखान्यात अठरा वर्षं क्रोमचा मुलामा चढवायच्या टाकीवर. फोटोत फुप्फुसात मोठी गाठ. डॉक्टर म्हणाले, "काम काय करता?" त्याने तोंड उघडायच्या आत मीच — "हेल्पर आहेत. बिड्या फार ओढतात."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. व्यसन : बिडी.

बारकूने जन्मात बिडी ओढलेली नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

४ फेब्रुवारी
मालक सोमनाथशेठ खूश. "बरं केलंत, मॅडम. नसती चौकशी मागे लागली असती." शाबासकी घेऊन परत लॅबमध्ये येऊन बसले. डबा तसाच घरी आणला.

६ फेब्रुवारी
एक गोष्ट आठवायची नाही म्हटलं तरी आठवते.

टाकीवर काम करून करून नाकातला पडदा झडतो. दुखत नाही, एक दिवस आरपार भोक पडलेलं असतं. कारखान्यात त्याला म्हणतात "नाक टोचलं". ज्याचं टोचलं त्याने पेढे वाटायचे. जुनी माणसं सांगतात, एकदा नाक टोचलं की गडी पक्का, मग क्रोम त्याला काही करत नाही.

बारकूने पेढे वाटले त्या दिवशी मी मेन रोडवरून खोटी नथ आणली त्याच्यासाठी. त्याने घालून दाखवली. सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

आणि बाकीच्यांना माहीत नव्हतं, मला होतं! पडदा झडला म्हणजे पिवळी वाफ छातीत किती जाते त्याचा पुरावाच. हे क्रोमियम पेशीत सहज शिरतं, आत गुणसूत्रांची मोडतोड करतं, आणि पंधरा-वीस वर्षांनी गाठ होते. एम.एस्सी.ला या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. टाकीवरचा वाफ ओढणारा पंखा दोन वर्षं बंद आहे. दर महिन्याच्या तक्त्यात मी "चालू" लिहिते. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने.

९ फेब्रुवारी
बारकूची बायको तानुबाई गावाकडून, पेठहून आली. माझ्यासाठीसुद्धा नागलीची भाकरी बांधून आणलेली. म्हणाली, "मॅडम, यांनी बिडी कदी वढली नाय. डागदर सारखा बिडी बिडी का करतो?"

मी म्हणाले, "कागदावर काहीतरी लिहावं लागतं हो."

काहीतरी लिहावं लागतं! लाज कशी नाही वाटली? वाटली. तरी म्हणालेच. ती समोर बसली होती म्हणून भाकरी सगळी खाल्ली.

१० फेब्रुवारी
काही केलं नाही.

११ फेब्रुवारी
ठरलं. उद्या डॉक्टरांना खरं सांगायचं. कागदावर क्रोम आलं तर टाकीवरच्या बाकीच्या पाच जणांचीही छाती तपासतील, पंखा बघायला कुणीतरी येईल. बिडी राहिली तर पाचही जण सोमवारी पुन्हा टाकीवर. त्यातल्या दोघांनी पेढे वाटून झालेत.

नोकरी जाईल. जाऊ दे.

१२ फेब्रुवारी
सांगितलं. नथीचं सोडून सगळं.

डॉक्टरांनी केसपेपर माझ्यापुढे सरकवला. "काल मी पेशंटला एकट्याला पुन्हा विचारलं. रोज दोन बंडल, म्हणाले. ही त्यांची सही. आता कुणाचं खरं धरू?"

वॉर्डात गेले. का असं सांगितलंत, विचारलं. खोकल्याची उबळ ओसरल्यावर बारकू म्हणाला, "तुमी डागदरम्होरं बोलून गेल्या, मॅडम. मी नाय म्हणलो असतो तर तुमी खोट्या पडल्या असत्या."