‘अबाउट’ न लावलेलं वाक्य

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय संघप्रिया,
जय भीम.

आम्ही दोघं मजेत आहोत. पप्पांचा गुडघा आता बराय, सकाळी फिरायला जातायत. पत्र बघून दचकू नकोस. आमचे इंग्लिशचे नीरज सर म्हणतात, हातानं लिहिलं की विचार सरळ होतात, म्हणून लिहितेय.

आधी बातमी! काल मी स्टेजवर इंग्लिशमध्ये बोलले. मी! हातात माइक, समोर साठ माणसं! विहाराच्या हॉलमध्ये आम्हा बायकांचा इंग्लिश क्लास चालतो ना, त्याचा कार्यक्रम होता. चिठ्ठी उचलायची, त्यातल्या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून, हे आठवडाभरात शोधून सांगायचं. शेजारच्या हंसाबेनना ‘शुगर’ आला. मला आला ‘वरी’, म्हणजे काळजी करणं.

मी म्हटलं, यात काय शोधायचं? मी तर रोज करते.

तरी लायब्ररीत गेले. दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी जाड डिक्शनरी. तीन दुपारी बसले, वही भरली. अगं, हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ होता गळा आवळणं! मग कुत्रा मेंढीची मान दातात धरून झटके देतो, त्याला म्हणायला लागले. मग कुणाच्या तरी सारखं मागे लागणं, छळणं. मनातली काळजी हा अर्थ सगळ्यात शेवटी आला. मला इतकं भारी वाटलं की घरी येऊन पप्पांना दोनदा सांगितलं.

आणि मग रात्रीची भाकरी थापताना हात थांबला.

ऑगस्टमध्ये तू म्हणाली होतीस, “आई, तू माझा श्वास कोंडतेस.” मला वाटलं, पोरगी हैदराबादला जाऊन मोठं बोलायला शिकली.

काल मेंढीपर्यंत छान बोलले. लोक हसले, टाळ्या पडल्या. शेवटी स्वतःचं एक वाक्य बनवून सांगायचं होतं. मी म्हटलं, “आय वरीड माय डॉटर.”

सरांनी हळूच सांगितलं, “वैजयंताताई, अबाउट राहिलं. वरीड अबाउट माय डॉटर. अबाउट लावलं तर तुम्ही मुलीची काळजी केलीत. नाही लावलं तर तुम्ही तिला त्रास दिलात, असा अर्थ होतो.”

मी म्हटलं, “माहितीय सर. अबाउट नाही लावायचं.”

मग हंसाबेन पहिल्या रांगेतून ओरडल्या, “वैजूबेन, सही बोला!” त्यांचा मुलगाही फोन उचलत नाही.

पहिलं बक्षीस मिळालं, संघू. पण तुला फोन करून सांगता येईना. तू माझा नंबर ब्लॉक केलायस. रविवारी पप्पांशी बोलतेस तेव्हा मी ओट्याजवळ उभी राहून ऐकते. ते ‘ती बरीय’ म्हणतात. तू विचारलेलं असतं म्हणूनच म्हणत असतील ना?

तू फोन उचलला नाहीस म्हणून मी एका दुपारी एकवीस वेळा लावला. घरमालकिणीला तुझ्या येण्याजाण्याच्या वेळा विचारल्या. आणि तुझ्या लॅबच्या मोठ्या सरांना सांगितलं की पोरीला एकटीला परगावी पाठवू नका, ती नाजूक आहे. तुझं चेन्नईचं ट्रेनिंग दुसऱ्याला गेलं ते माझ्यामुळे. तू दोन वर्षं त्यासाठी राबलीस. याला मी माया म्हणत होते. माझं चुकलं, बाळा. मला भीती वाटत होती, आणि ती मी तुझ्या गळ्यात टाकली.

लॅबच्या सरांचा आणि घरमालकिणीचा नंबर आज फोनमधून काढलाय. पप्पांना साक्षीला बसवलं होतं. भीती अजून वाटते, पण ती आता माझ्याकडे राहील.

पुढचा कार्यक्रम १४ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, त्याच हॉलमध्ये. मी पुन्हा बोलणार आहे. ये म्हणत नाही. नुसती तारीख कळवली.

तुझी आई,
आणि क्लासमध्ये पहिली आलेली,
वैजयंता