लुकमानच्या वाट्याची घरपट्टी

यालोवा, तुर्की, १२ मे २०२५

झन्नूनभावजी यांना सलाम.

घरातली सगळी खुशाल असाल असं धरून चालते. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, जिना मात्र आता थांबत थांबत चढावा लागतो.

नगरपालिकेने लुकमानच्या वाट्याची घरपट्टी घ्यायला नकार दिला, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. नाहीतर लिहिलं नसतं. तीन वर्षांपूर्वी मी फोन ठेवला, त्यानंतर तुम्ही केला नाहीत आणि मीही केला नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते मागे घेण्यासाठी हे पत्र नाही. तो विषय वेगळा.

आधी प्रकरण समजून घ्या. मलाही ते समजायला बराच वेळ लागला. सुट्टीत येऊन राहायला हे घर आम्ही निम्मं-निम्मं घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या शाळेच्या पगारातले पैसे होते, म्हणून निम्मं माझ्या नावावर हवं असा हट्ट मीच धरला होता. तुम्ही विचारलंत, "वहिनी, मग स्वयंपाकघर कोणाच्या वाट्याला?" आणि लुकमान म्हणाले, "समुद्र दिसतो ती खिडकी तिची, गळतो तो नळ माझा." इथे अशा दोन मालकांची घरपट्टीही वेगळी असते. नावं दोन, पावत्या दोन. मे संपायच्या आत पहिला हप्ता, नोव्हेंबरात दुसरा. शिवाय घर घेतल्यावर त्याच वर्षी आपण होऊन नगरपालिकेला कळवायचं असतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. दलालाने चहा पाजला, किल्ल्या दिल्या आणि तो दिसेनासा झाला.

आम्ही इथे असलो की इमारतीचा रखवालदार रमझान दर महिन्याला दारावर यायचा. डोक्यावर टोपी, बगलेत पावतीपुस्तक. तो जिन्याच्या दिव्याचे आणि साफसफाईचे पैसे न्यायचा. लुकमान त्याला घरपट्टीचा अधिकारी समजून बसले. आपल्या गल्लीत घरपट्टीवाला आला की त्याला बसवून कॉफी पाजायची, नाहीतर तो खोल्या वाढवून लिहील, ही तुमच्या वडिलांची शिकवण. त्यामुळे रमझानला कॉफी मिळे, आणि उन्हाळ्यात मोसुलहून आणलेल्या मन्नच्या गोड वड्यांचा डबा. "किती भला अधिकारी आहे," लुकमान म्हणत, "खोल्या मोजायला आतसुद्धा येत नाही." पुढच्या वर्षी दंडाची नोटीस आली तेव्हा उलगडा झाला. रमझानला जाब विचारला तर तो म्हणतो, "मला वाटलं, इराकी माणसं सगळ्यांनाच असं जपतात."

त्यानंतर लुकमान स्वतः नगरपालिकेत जाऊन भरू लागले. हप्ता सुरू झाला की पहिल्याच सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून. अशी दोनच वर्षं त्यांना मिळाली.

२०१४ च्या जूनमध्ये काळ्या झेंड्यांची माणसं मोसुलमध्ये शिरली, तेव्हा मी मायसूनला घेऊन इथे पुढे आले आणि ते आईंजवळ थांबले. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तेव्हापासून दोन्ही पावत्या मी फाडते. आधी त्यांची, मग माझी. आपल्या गल्लीत रिकाम्या घरांच्या भिंतींवर खुणा झाल्या आणि नंतर त्या घरांत कोण राहायला आलं, ते तुम्ही पाहिलंत. माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं की ज्याची घरपट्टी भरलेली आहे, त्याला कोणी गेला असं म्हणू शकत नाही. मी रसायनशास्त्र शिकवलेली बाई आहे. याला काही आधार नाही हे मला समजतं. तरी भरत राहिले. नगरपालिकेच्या खिडकीवरची निल्गुनबाई दरवेळी आदराने विचारायची, "लुकमान बे कसे आहेत?" आणि नेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे जे उत्तर देतात तेच मी द्यायचे, "प्रवासाला गेलेत." ती म्हणायची, "सुखरूप परत येवोत." मला हे आवडायचं. अकरा वर्षांत त्यांची अशी चौकशी करणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

गेल्या सोमवारी मी गेले. सोबत सिनानची आई होती, शेजारीण. ती किर्कुकची तुर्कमान, त्यामुळे दोन्ही भाषा तिच्या तोंडात, आणि तोंडही सतत चालू. निल्गुनबाईने माझी पावती दिली. लुकमानचं नाव घातलं आणि थांबली. परदेशी मालकांच्या नोंदी या वर्षी नव्याने तपासल्या, लुकमानच्या पासपोर्टची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे नोंद बंद पडली आहे, असं म्हणाली.

"पैसे मी आणलेत," मी म्हटलं. "पूर्ण आणलेत. घ्या."

"मावशी, मला नको आहेत का? संगणक पुढेच जात नाही."

"सरकार पैसे नको म्हणतंय," सिनानची आई म्हणाली, "असं आयुष्यात पहिल्यांदा ऐकते. चल नज्ला, त्यांचं मन बदलायच्या आत पळू."

निल्गुनबाई हसली. मला समजावून सांगू लागली, "लुकमान बेंना एकदा येऊन सही करू दे. यायला जमत नसेल तर असतील तिथल्या आमच्या वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवू दे, मग तुम्हीच सही करा. साधं काम आहे. कुठल्या देशात असतात ते?"

भावजी, मला देशाचं नाव घेता येईना. मोसुल म्हणावं तर ते तिथे नाहीत. दुसरं नाव घ्यावं तर कुठलं? मागे रांग वाढत होती. कोणीतरी तुर्कीत पुटपुटलं. मी नुसती पर्स घट्ट धरून उभी.

सिनानच्या आईने हळूच अरबीत विचारलं, "सांगू का तिला?"

"काही सांगू नकोस."

तिने सांगितलं. एकच लहानसं वाक्य होतं, मला समजण्यापूर्वी संपलंसुद्धा. निल्गुनबाईने हात मागे घेतला. मग उठली, आतून स्वतःची खुर्ची आणून मला बसवलं आणि रांगेला थांबायला सांगितलं.

"मावशी, मला आधी का नाही सांगितलंत? मी दरवेळी विचारत होते."

"तुम्ही विचारत होतात म्हणूनच नाही सांगितलं."

ती माझ्याजवळ वाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अशा वेळी माणूस हयात नाही असा तिकडच्या न्यायालयाचा निकाल लागतो. तो आणला की तुम्ही आणि मुलगी वारस. निम्मं घर तुमच्या दोघींच्या नावावर चढेल, मग घरपट्टी भरता येईल."

"मी वारस नाही. मी अर्ध्याची मालकीण आहे. दुसरा अर्धा त्यांचा आहे."

"होय," ती म्हणाली, "अडचण तीच आहे."

मी बुधवारी पुन्हा गेले. पोस्टातून त्यांच्या नावाने पैसे पाठवून पाहिले, ते परत आले. गुरुवारी वरच्या साहेबांना भेटले. भला माणूस, लेकाच्या वयाचा. त्यानेही चहा मागवला आणि हात जोडले. म्हणाला, "आम्ही तुमच्यावर कारवाई करणार नाही, मावशी. थकलेलं नुसतं थकत राहील." म्हणजे दरवर्षी त्यांच्या नावापुढे थकबाकीदार असं लिहिलं जाणार. उधारीवर कधी वर्तमानपत्रसुद्धा न घेतलेला माणूस. आयुष्यभर मी वर्गातल्या मुलींना सांगितलं की प्रत्येक गोष्टीला रीत असते, ती सापडेपर्यंत बसायचं. मी बसले. रीत सापडली ती एवढीच आहे.

मायसूनला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी कधीची तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघतेय." तिने हे मला आधी का सांगितलं नाही कोणास ठाऊक. बहुधा मी सांगू दिलं नसेल.

तेव्हा तुम्ही त्या दिवशी फोनवर जे म्हणत होतात ते करा. अर्ज पत्नीनेच करायचा असतो, हे तुमचं म्हणणं बरोबर होतं, मी इथल्या आपल्या वकिलातीत विचारून घेतलं. माझ्या वतीने तुम्ही उभे राहा. न्यायालय दोन साक्षीदार मागेल. एक तुम्हीच. त्यांना नेलं त्या दिवशी, दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर तुम्ही दाराशी होतात. तुम्ही मला दोनदा सांगायला आलात आणि दोन्ही वेळा मी तुम्हाला बोलू दिलं नाही. आता ते न्यायाधीशांना सांगा, काही न गाळता. साक्षीची एक प्रत मला पाठवा. फोनवर सांगू नका, मला ते वाचायचं आहे, आणि सावकाश वाचायचं आहे.

मुखत्यारपत्रावर सही करून दिली आहे. अधिकाऱ्याने ती ग्राह्य धरली आहे, काळजी नसावी.

निकाल आला की मी निल्गुनबाईकडे जाईन. घरपट्टी भरेन. त्यानंतर ती मला काय विचारेल, याचा मी विचार करते आहे.

सासूबाईंच्या कबरीवर माझ्या वतीनेही फातिहा म्हणा. त्यांना मुलाचं काही सांगू नका. तुम्ही हसाल, पण मला तसंच वाटतं.

निकाल लागेपर्यंत लुकमानची पत्नी,
नज्ला

ता. क. सिनान परवा मालाचा ट्रक घेऊन मोसुलला निघतो आहे. त्याच्या हाती पुढील वस्तू दिल्या. पोच द्यावी.

वकिलातीचा शिक्का असलेलं मुखत्यारपत्र. निकाहनाम्याची मूळ प्रत, पाकिटात. घडीवर फाटत आली आहे, तुम्हीच उघडा, कारकुनाला देऊ नका. लुकमानचे दोन फोटो. न्यायालयाला मिशी नसलेला द्यावा, शेवटी ते तसेच दिसत होते. मन्नच्या वड्यांचा तो जुना रिकामा डबा. रमझानने गाव सोडून जाताना परत आणून दिला होता.

आणि लुकमानचा राखाडी हिवाळी कोट, जो तुम्ही दर ईदला त्यांच्याकडे मागायचात. तो इतकी वर्षं दाराजवळच्या खुंटीवर होता. ब्रश मारला आहे. खिसे तपासलेले नाहीत.